क्लाउन, तूअ आणि आमचं कूळ

पहिला दिवस : एडिंबरा ते इन्व्हर्नेस

मुक्ताला एडिंबऱ्यात नोकरी लागून तीन वर्षं झाली. "या वर्षी तरी या" असा तिने इतका धोशा लावला की सप्टेंबरात आम्ही दोघं एकदाचे निघालो. एडिंबरा दोन दिवसांत बघून झालं. मग सकाळची गाडी पकडून उत्तरेकडे, हायलँड्समध्ये. दिवसांची मोजणी मी इथून धरतो.

साडेतीन तासांचा प्रवास. पर्थ सुटलं की डोंगर सुरू होतात. ड्रमॉक्टरच्या खिंडीत रूळ ४५२ मीटरवर पोचतात. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरची ही सगळ्यात उंच जागा, असं मुक्ताने कौतुकाने सांगितलं. आपलं इगतपुरी याहून उंच आहे, असं मी हिच्या कानात पुटपुटलो. "गप्प बसा, पोरगी हौसेने दाखवतेय," असं उत्तर मिळालं. डोंगर मात्र खरोखर बघत राहावेत असे. उघडेबोडके, आणि उतारांवर हेदरची जांभळी झुडपं. मैलोन्‌मैल घर दिसत नाही. एवढी जमीन ओसाड कशी, हे तिथेच डोक्यात आलं. आधी तलाठी आणि मग मंडल अधिकारी म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस देखावा बघायच्या आधी 'ही कुणाच्या नावावर?' हे बघतो. सवय जात नाही.

स्टेशनांवरच्या पाट्या दोन भाषांत असतात, वर इंग्रजी आणि खाली गेलिक, ही इकडची जुनी भाषा. 'इन्व्हर' म्हणजे नदीचं मुख, त्यामुळे इन्व्हर्नेस म्हणजे नेस नदीचं मुख. एवढं कळलं आणि बरं वाटलं.

संध्याकाळी बाजारात गेलो. प्रत्येक दुकानात फिरता स्टँड, त्यावर किल्ल्यांच्या साखळ्या, मग, चमचे, आणि प्रत्येकावर एकेका क्लॅनचं नाव. कॅम्बेल, कॅमरन, फ्रेझर, मॅक्डोनल्ड, मॅक्लाउड. दुकानदाराने मला आडनाव विचारलं. आडिवरेकर म्हटल्यावर बिचारा खरंच 'अ'पाशी शोधू लागला. मुक्ताने त्याला समजावलं की ते गावाचं नाव आहे, आडिवऱ्याचे ते आडिवरेकर. "म्हणजे तुमचा क्लॅन नाही," तो हळहळून म्हणाला.

बाहेर आल्यावर मुक्ताने विचारलं, "बाबा, क्लॅनला मराठीत काय म्हणायचं? टोळी, जमात, की कूळ?"

"कूळ," मी म्हटलं. पण कूळ म्हटलं की मला आधी कुळदैवत आठवत नाही, सातबारा आठवतो. त्यावर एक रकाना असतो : 'कुळाचे नाव'. आमच्या भाषेत कूळ म्हणजे वंशही आणि दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरीही. एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे नांदतात याचा मी नोकरीत कधी विचार केला नव्हता. तो विचार करायला स्कॉटलंडला यावं लागलं.

दुसरा दिवस : कलोडन

इन्व्हर्नेसहून बसने वीसेक मिनिटांवर कलोडनचा माळ आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी इथे तासाभराच्या आत एक लढाई झाली आणि हायलँडची जुनी घडी मोडली. स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स लंडनचं तख्त परत मिळवायला निघाला होता. त्याच्या बाजूने बरेच क्लॅन उतरले आणि समोर होतं सरकारी सैन्य. चार्ल्सच्या बाजूचे सुमारे १५०० मेले, सरकारी बाजूचे पन्नासच्या आसपास. माळावर निळी निशाणं एका फळीची, लाल दुसऱ्या फळीची. मधलं अंतर चालून बघितलं. जमीन पाणथळ, पाय रुततो. वारा असा की हिची छत्री उलटी झाली ती झालीच.

मधोमध रस्त्याच्या कडेला दगड रोवलेत. फार मोठे नाहीत, गुडघ्या-मांडीएवढे, शेवाळ धरलेले, आपल्याकडच्या हद्दीच्या दगडांसारखे. १८८१ मध्ये बसवलेले. एकेका दगडावर एकेका क्लॅनचं नाव कोरलंय आणि त्यामागे गवताचा लांबट उंचवटा, ती सामाईक कबर. फ्रेझरांच्या दगडापाशी ताजी फुलं रचलेली होती. टीव्हीवरच्या एका मालिकेतला नायक फ्रेझर आहे म्हणून लोक तिथेच गर्दी करतात, असं तिथल्या माहिती देणाऱ्या गृहस्थांनी थोडं वैतागूनच सांगितलं. मला पुढचा एक दगड जास्त लागला. त्यावर नुसतं 'मिश्र क्लॅन' असं लिहिलंय. ज्यांची ओळख पटली नाही ते सगळे त्यात. कूळ हीच ज्यांची ओळख, ते शेवटी मिसळले.

गृहस्थ बोलके होते. म्हणाले, एका क्लॅनमधले सगळे रक्ताचे असत असं समजू नका. लहानसहान घराणी मोठ्या सरदाराच्या आसऱ्याला येत आणि त्याचंच नाव लावत. फ्रेझरांच्या सरदाराने नाव लावणाऱ्याला एक माप पीठ देऊ केलं होतं म्हणतात, म्हणून त्यांना अजून 'मापाचे फ्रेझर' म्हणून चिडवतात. उलट मॅक्ग्रेगरांचं नावच १६०३ मध्ये सरकारने बंद केलं. ते नाव उघडपणे लावायची पूर्ण मुभा १७७४ मध्ये मिळाली.

मग त्यांनी टोपीत खोचायच्या डहाळ्यांची गोष्ट काढली. प्रत्येक क्लॅनची एक वनस्पती ठरलेली. मॅक्डोनल्डांचं हेदर, मॅक्लाउडांचं ज्युनिपर, मॅक्ग्रेगरांचा पाइन, फ्रेझरांचा यू. हिने मला कोपर मारलं. "अहो, हे तर देवक."

मी म्हटलं, "टोपीतलं देवक."

"आमच्या माहेरी कळंबाचं. लग्नात आधी देवक बसवल्याशिवाय पान हलत नाही. यांच्यात लग्नात ठेवतात का, विचार की गं मुक्ता." मुक्ताने विचारलं. ते म्हणाले, हल्ली नवऱ्या मुलाच्या कोटाला हेदर असतं, पण ते कुणाच्याही लग्नात. ही जरा नाराज झाली.

लढाईनंतर सरकारने कायदे आणले. हायलँडचा पोशाख बंद झाला, तो थेट १७८२ पर्यंत. सरदाराला आपल्या मुलखात न्यायनिवाडा करायचा वंशपरंपरागत अधिकार होता, तोही १७४७ च्या कायद्याने गेला. हे दुसरं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोवर सरदाराची श्रीमंती म्हणजे हाकेसरशी तलवार घेऊन येणारी माणसं. आता माणसांचा उपयोग उरला नाही, खंडाचा उरला.

ज्यांना लढायचंच होतं ते ब्रिटिश फौजेत गेले. इथून जवळच फोर्ट जॉर्ज हा त्या फौजेचा किल्ला आहे. १७९३ मध्ये उभी राहिलेली ७८वी हायलँडर्स आणि तिच्यासोबत ७४वी, या दोन पलटणी २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या असईच्या लढाईत वेलस्लीच्या बाजूने होत्या. शिंदे-भोसल्यांच्या तोफांपुढे ७४वी तर कापून निघाली. जालन्याच्या त्या काळ्या मातीत या उजाड डोंगरांतली किती पोरं पडली असतील. कलोडनच्या दगडांपाशी मला हे उगाच आठवलं.

तिसरा दिवस : स्कायला

दिवसभर पाऊस. लॉख नेस बसच्या खिडकीतून धुक्यात गेलं, राक्षस दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वाटेत बॅगेचं चाक मोडलं. पुलावरून स्काय बेटावर. हा पूल १९९५ चा, त्याआधी होडीच. पोर्ट्रीला पोचलो तर राहायच्या जागी आमचं आरक्षण एक दिवस पुढचं लागलेलं. मालकीणबाईंनी तासभर बसवून पोटमाळ्यावरची खोली दिली. हिने डब्यातले मेथीचे ठेपले काढले, मालकीणबाईंनाही एक दिला. त्यांनी तो जॅमबरोबर खाल्ला.

चौथा दिवस : स्लीट

बेटाच्या दक्षिणेच्या टोकाला स्लीट म्हणून पट्टा आहे. तिथे आर्मडेलला मॅक्डोनल्डांचा जुना वाडा, आता बिनछपराचा, भिंतींतून झाडं आलेली. शेजारी त्यांचं संग्रहालय. सकाळ तिथेच गेली. हा क्लॅन बाराव्या शतकातल्या सोमरलेड नावाच्या सरदाराच्या नातवाचा, डोनल्डचा. 'बेटांचे स्वामी' म्हणवत हे लोक जवळपास राजासारखे राहिले. १४९३ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने ती पदवी काढून घेतली. १६०९ मध्ये तर सरदारांकडून लिहून घेतलं की थोरला मुलगा खाली मैदानी मुलखात इंग्रजी शिकायला पाठवू. म्हणजे बापाची भाषा पोराला येईनाशी व्हायची सोय.

दुपारी तिथून जवळच ओस्टेगला, 'सावल मोर ओस्टेग' या गेलिक कॉलेजात गेलो. नावाचा अर्थ ओस्टेगचं मोठं कोठार. आणि खरंच, १९७३ मध्ये जुन्या शेतवाड्याच्या दगडी इमारतींत ते सुरू झालं. आता पदवीपर्यंतचं शिक्षण गेलिकमध्ये मिळतं. २०११ च्या जनगणनेत सगळ्या स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सत्तावन्न हजारांच्या आसपास. आमच्या राजापूर तालुक्याएवढीसुद्धा माणसं नाहीत, आणि त्यांचं स्वतंत्र कॉलेज.

उपाहारगृहात शेजारच्या टेबलावर तिथे शिकवणाऱ्या एक बाई सूप पीत होत्या. मुक्ताने ओळख काढली. आम्ही क्लॅनबद्दल विचारायला आलोय कळल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला आणि हिच्याकडे बघून गेलिकमध्ये काहीतरी विचारलं : "अ वेल क्लाउन अकिव?"

ही गोंधळली. बाई हसून म्हणाल्या, "मी विचारलं, तुम्हाला क्लॅन आहे का?"

"दुकानदार म्हणाला, नाही."

"दुकानदाराला गेलिक येत नाही. क्लाउन म्हणजे मुलं. मी विचारलं, तुम्हाला मुलंबाळं आहेत का?"

हिने मुक्ताच्या दंडाला धरलं. "ही एकच."

"मग तुमचा क्लॅन एका माणसाचा."

दोन दिवस ज्या शब्दामागे फिरत होतो तो इतका घरगुती निघाला. क्लाउन डोनल्ड म्हणजे डोनल्डची लेकरं, बस. इंग्रजीने तेवढा शब्द उचलला आणि त्याला तलवार आणि चौकटीचं कापड चिकटवलं. रोजच्या गेलिकमध्ये तो अजून घरातच आहे, शाळेतून परतणाऱ्या पोरांसाठी.

आणि त्याही मागे गेलं तर तो गेलिकचा नाहीच. मूळ लॅटिन 'प्लांटा'. रोप, कोंब, लावायला तोडलेली फांदी. ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले, पण तिथल्या भाषेत तेव्हा 'प' हा उच्चारच नव्हता. मग लोक 'प'च्या जागी 'क' म्हणू लागले. प्लांटाचं झालं 'क्लांड', त्याचं 'क्लान', आणि स्कॉटलंडात 'क्लाउन'. बाईंनी कागदी रुमालावर जोड्या लिहून दाखवल्या. ईस्टरला लॅटिनमध्ये पास्का, गेलिकमध्ये काश्क. जांभळ्याला पुरपुरा, इकडे कॉर्कर. मऊ पिसाला प्लूमा, इकडे क्लॉइव. फार काय, संत पॅट्रिकचं पात्रिकियुस हे नावसुद्धा सगळ्यात जुन्या रूपात 'कोथ्रिगे' असं सापडतं. पुढे जिभेला 'प' जमला आणि तो पाड्रिक झाला. शेजारच्या वेल्समध्ये मात्र 'प' होता, म्हणून तिकडे मुलांना आजही 'प्लांट' म्हणतात.

आणि त्यांचा मूळचा 'प' कुठे गेला? तो त्याआधीच गळून गेला होता. संस्कृत पितृ, लॅटिन पातेर, आणि गेलिकमध्ये बापाला 'अहिर'. पहिलं अक्षरच नाही.

मुक्ताने मला विचारलं, "बाबा, तोडून लावलेल्या फांदीला आपल्याकडे काय म्हणतात?"

"कलम," आम्ही दोघं एकदम म्हणालो. माझ्या डोक्यात कूळकायद्याचं कलम बत्तीस ग, हिच्या डोक्यात हापूस.

मग मी बाईंना आमचं सांगितलं. वंश म्हणजे संस्कृतात बांबूही. घराणं वाढलं की आम्ही वंशवेल वाढली म्हणतो. आणि बांबूच्या जाळीला आम्ही 'बेट' म्हणतो, आयलंडला म्हणतो तेच. बाईंना हे फार आवडलं. रुमालावर बेट काढून त्यात बांबू काढले. गेलिकमध्येही वंशाला 'शिअल' म्हणजे बी म्हणतात, असं त्या म्हणाल्या. शेतकऱ्यांना झाडाशिवाय दुसरं काय सुचणार.

"पण मग जमात, ट्राइब, याला नेमका शब्द कोणता?" मुक्ताचा हट्ट.

शब्दकोशात 'त्रेव' सापडेल, त्या म्हणाल्या. त्याच्या मुळाशी घर, वस्ती असा अर्थ. वेल्समध्ये त्याच मुळाचा 'त्रेव' म्हणजे गाव. पण सगळ्यात जुना आणि भारदस्त शब्द 'तूअ'. जुन्या आयर्लंडच्या कायद्यात लोकांचा मूळ घटक तूअ, प्रत्येक तूअचा आपला राजा. जर्मन लोक स्वतःला 'डॉइच' म्हणतात तो शब्दही त्याच मुळाचा. "आज त्याचा अर्थ काय होतो ते मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या ब्रेजला जा. तिथे कुणालाही विचारा."

पाचवा दिवस : ब्रेज

पोर्ट्रीहून दक्षिणेला सातआठ मैलांवर समुद्राकाठी ब्रेज. बस सोयीची नव्हती म्हणून टॅक्सी केली. चालक साठीचा, इथलाच, गेलिक बोलणारा. एका बाजूला समुद्रापलीकडे रासे बेट, दुसऱ्या बाजूला बेन ली नावाचा गवताळ डोंगर. मध्ये विखुरलेली पांढरी घरं, प्रत्येकामागे जमिनीची लांबट पट्टी. ही क्रॉफ्ट. मी म्हटलं, मला जमिनीतलं कळतं, क्रॉफ्ट म्हणजे नक्की काय ते सांगा. तो म्हणाला, "चारी बाजूंनी कायद्यांनी वेढलेला जमिनीचा तुकडा." हा त्यांचा जुना विनोद आहे. चौतीस वर्षांत आमच्या एकाही सर्कलला इतकी अचूक व्याख्या सुचली नव्हती.

रस्त्यालगत दगडांची एक ओबडधोबड उतरंड आहे. १८८२ च्या एप्रिलात इथे जे झालं त्याची खूण. बेन लीवर गुरं चारायचा हक्क पूर्वापार गावाचा. मालकाने तो काढून दुसऱ्याला दिला. ब्रेजच्या लोकांनी डोंगर परत मिळेपर्यंत खंड भरायचा नाही असं ठरवलं. घर सोडायच्या नोटिसा घेऊन माणूस आला, तर त्यालाच त्या जाळायला लावल्या. मग ग्लासगोहून पन्नासेक पोलीस आले. पहाटे, पावसात. त्यांना अडवलं ते मुख्यत्वे बायकांनी, उतारावरून दगडांचा वर्षाव करून.

मालक कोण? लॉर्ड मॅक्डोनल्ड. क्लाउन डोनल्डचा मुख्य. काल ज्याच्या वाड्याच्या भिंतीवर 'डोनल्डची लेकरं' असा अर्थ लावून आलो, त्याच घराण्याने लेकरांना नोटिसा पाठवल्या होत्या. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. १८५३ मध्ये याच इस्टेटीतली बोररेग आणि सुइश्निश ही गावं रिकामी करून तिथे मेंढ्या सोडल्या होत्या. मेंढी माणसापेक्षा जास्त खंड देते, एवढा साधा हिशेब. सगळ्या हायलँडभर हेच झालं, आणि लोक कॅनडाच्या जहाजांवर चढले. पहिल्या दिवशी गाडीतून दिसलेल्या ओसाड जमिनीचं उत्तर मिळालं. इथली माणसं म्हणत, ही जमीन आमच्या पूर्वजांपासून आमची, याला ते 'दूखस' म्हणत. कागद मात्र सरदाराच्या नावावर. आपल्याकडे कोकणात हेच, फक्त सरदाराच्या जागी खोत.

ब्रेजच्या मारामारीने लंडन हललं. चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर, आधी सहा वर्षं मद्रासचे गव्हर्नर आणि १८७२ मध्ये काही काळ हंगामी व्हाइसरॉय. रयत आणि जमीन ही भानगड त्यांनी भारतात बघितलेली होती. आयोगाची पहिली बैठक मे १८८३ मध्ये इथे ब्रेजलाच झाली. १८८६ मध्ये कायदा आला : क्रॉफ्टरला हुसकता येणार नाही, खंड वाजवी ठरेल, हक्क वारसाला जाईल. मालकी मात्र नाही. ती विकत घ्यायचा हक्क १९७६ मध्ये मिळाला. आपल्याकडे हे जास्त धडाक्यात झालं असं माझं मत आहे. खोती मोडायचं विधेयक आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडलं, खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. कागदावर. बत्तीस मचं, म्हणजे जमीन खरेदीचं, प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत कितीजणांच्या चपला झिजल्या ते मला ठाऊक आहे, त्यातल्या काही माझ्याच चावडीत झिजल्या.

मी चालकाला विचारलं, "तूअ म्हणजे काय?"

"आम्हीच," तो म्हणाला. "खेड्यातली माणसं. जमीन कसणारे. इस्टेटीवरचे खंडकरी." शेतकऱ्याला 'तूअनख' म्हणतात तो त्यावरूनच. आणि त्याने त्यांच्या जमीन चळवळीची घोषणा म्हणून दाखवली : "इस त्रेस तूअ ना चीअर्न." धन्यापेक्षा तूअ बळकट.

म्हणजे राजा असलेली जमात, ती घसरत घसरत खंडकरी झाली. शब्द तोच राहिला. मी त्याला सांगितलं की आमच्याकडेही अगदी असंच, जे वंशाचं नाव तेच खंडकऱ्याचं. माझे आजोबा खोताचं कूळ होते. खोताकडे लग्न निघालं की आठ दिवस मांडवाला वेठ. सत्तावन्न सालानंतर कित्येक वर्षांनी सातबाऱ्यावर 'कुळाचे नाव' या रकान्यातून त्यांचं नाव कब्जेदारात आलं, तो फेरफार मी नोकरीला लागल्यावर दप्तरातून काढून बघितला होता. शाई फिकट, नाव चुकीचं लिहिलेलं.

मुक्ताला यातलं काही माहीत नव्हतं. "हे मला कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. खरंच नव्हतं सांगितलं.

ही दगडांच्या उतरंडीपाशी वाकून हेदरची एक काडी तोडत होती. पाऊस पुन्हा सुरू झाला. चिलटांसारखे त्यांचे ते मिज किडे तोंडावर येऊ लागले, तशी ती गाडीत येऊन बसली आणि काडी पर्समध्ये ठेवली.

"तुमचा तो शब्द परत सांगा," चालक म्हणाला.

"कूळ."

"कूल," त्याने म्हणून बघितलं. "आमच्यात कूल म्हणजे पाठ." आणि गाडी वळवली.